फॉर्च्युनर थरथरते: बॅलन्सिंग की नवे टायर?

साताऱ्यातल्या मामेभावाचा प्रश्न: पुणे हायवेला ९०-१००च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, दुकानदार म्हणतो चारही टायर बदला. बदलू का?

आधी थरथर कधी येते ते बघ. ठरावीक वेगालाच येत असेल तर बहुधा बॅलन्सिंग (चाकाला छोटी वजनं लावून त्याचा तोल साधणं) बिघडलंय. स्टिअरिंग हललं तर पुढची चाकं, सीट हलली तर मागची. कास-ठोसेघर फिरून आल्यावर रिमच्या आतल्या बाजूला सुकलेला चिखलही एवढं करतो, म्हणून आधी चाकं धुऊन घे. (हे फुकट आहे, म्हणून कुणी सांगत नाही!) ३०-४०लाच गाडी डोलत असेल तर टायर आतून सुटलेला किंवा फुगा आलेला असू शकतो, तिथे कितीही वजनं ठोका, उपयोग नाही. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरली तर ब्रेकची डिस्क तपास, टायरला दोष देऊ नकोस.

खर्चात तुलनाच नाही. बॅलन्सिंग काही शेकड्यांत, २६५/६० आर १८ मापाच्या चार टायरांचा सेट पन्नास हजारांच्या वर.

टिकाऊपणात नवे टायर पुढे, पण त्यांनाही बॅलन्सिंग लागतंच. वाकलेला रिम तर नव्या टायरनेही सरळ होत नाही.

नक्षी भरपूर, टायर तीन-चार वर्षांचे असतील तर बॅलन्सिंग आणि रिमची तपासणी पुरे. फुगा, चिरा किंवा नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली असेल तर खंबाटकी घाटात शिरायच्या आधी टायर बदल.