ट्रान्सफॉर्मरमधलं पीसीबी तेल: बदलायचं, डीक्लोरिनेट करायचं की जाळून नष्ट करायचं?

वागळे इस्टेटला किंवा रबाळे-महापे पट्ट्यात जुनी फॅक्टरी घेतली की मागच्या यार्डात एखादा जुना ट्रान्सफॉर्मर असतोच, आणि तेलात पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, क्लोरीन असलेलं विषारी रसायन) निघालं की मालकापुढे तीन-चार रस्ते येतात आणि प्रत्येक कॉन्ट्रॅक्टर आपलाच रस्ता बरोबर म्हणून सांगतो. (सोसायटीतला ट्रान्सफॉर्मर बहुतेक वेळा महावितरणचा असतो, त्याला हात लावू नका, पण एचटी (उच्च दाबाच्या) कनेक्शनवाल्या कंपनीचा स्वतःचा असतो आणि जबाबदारीही तिचीच.)

आधी तेलात पीसीबी किती आहे तो आकडा हातात घ्या. नेमप्लेट पुसून बघा, अ‍ॅस्करेल, पायरानॉल, क्लोफेन असं लिहिलेलं असेल तर ते मुळातच पीसीबीचं तेल, पाण्यात थेंब टाकला तर तळाला जातं, साधं मिनरल ऑइल तरंगतं. पण तरंगलं म्हणजे सुटलो असं नाही, कारण खरा घोळ तेल गाळायच्या फिल्टरेशन मशीनचा आहे, तीच मशीन, तेच होज आज ह्या ट्रान्सफॉर्मरला आणि उद्या त्याला, मग एकाचं तेल दुसऱ्यात मिसळतं. हिशोब करून बघा, एक लिटर अ‍ॅस्करेल दहा हजार लिटर चांगल्या तेलात गेलं तरी सगळं तेल ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५० भाग) वर जातं, आणि ५० पीपीएमच्या वरचं तेल पीसीबीबाधित धरतात. बीडीव्ही टेस्ट (तेल किती व्होल्टेज झेलतं ते बघणारी) कितीही छान आली तरी त्यात पीसीबी दिसत नाही. साइटवरची किट टेस्ट एकूण क्लोरीन बघते, म्हणून निगेटिव्ह आली तर ठीक, पॉझिटिव्ह आली तर लॅबमधून जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) टेस्ट कराच, पैसे वाचवायची जागा ही नाही.

आता तेल काढून नवीन भरणं. सगळ्यात स्वस्त, दोन दिवसात काम, म्हणून सगळ्यांना हेच आवडतं, आणि माझा सगळ्यात जास्त आक्षेप ह्यालाच आहे. वाइंडिंगचा कागद, लाकडी पॅकिंग हे सगळं वर्षानुवर्षं जुन्या तेलात मुरलेलं असतं, नवीन तेल भरून ट्रान्सफॉर्मर गरम व्हायला लागला की त्यातलं पीसीबी हळूहळू परत बाहेर येतं. अमेरिकेच्या नियमात तर तेल बदलल्यावर ९० दिवस चालवून परत टेस्ट करायला लावतात ते ह्याच कारणासाठी. शिवाय काढलेल्या चार-पाचशे लिटर तेलाचं काय, तो प्रश्न तसाच राहिला ना.

डीक्लोरिनेशनमध्ये सोडियमसारख्या केमिकलने पीसीबीच्या रेणूतला क्लोरीन काढून घेतात, त्याचं मीठ होतं आणि तेल परत वापरता येतं. आपल्याकडे सीपीआरआयने (केंद्र सरकारची वीज संशोधन संस्था) युनिडोबरोबर (संयुक्त राष्ट्रांची औद्योगिक विकास संस्था) ह्यावर काम केलंय. सोडियम पाण्याशी भडकतं म्हणून तेल आधी पूर्ण कोरडं करावं लागतं, हे लोकल वर्कशॉपचं काम नाही. थोडं बाधित मिनरल ऑइल असेल आणि ट्रान्सफॉर्मरची तब्येत चांगली असेल तर मी हाच पर्याय घेईन. मूळ अ‍ॅस्करेलला मात्र नको, क्लोरीन इतका असतो की खर्च परवडत नाही.

अ‍ॅस्करेल, कपॅसिटर, मुरलेला कागद ह्यांना जास्त तापमानाचं इन्सिनरेशनच, साधारण ११०० ते १२०० अंश आणि धूर त्या तापमानात निदान दोन सेकंद राहिला पाहिजे. कमी तापमानात जाळलं तर फ्युरान आणि डायॉक्सिन तयार होतात, पीसीबीपेक्षा वाईट. १९८१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅमटनला सरकारी ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये तळघरातल्या इलेक्ट्रिक रूमला आग लागली, ट्रान्सफॉर्मरमधल्या पीसीबीची काजळी डक्टमधून सगळ्या मजल्यांवर गेली आणि ती बिल्डिंग १९९४ ला उघडली. तळोज्याला टीएसडीएफ (घातक कचऱ्यावर प्रक्रिया आणि विल्हेवाट करणारी सुविधा) आहे म्हणून तिथेच जाईल असं गृहीत धरू नका, कोणतीही सुविधा असो, एमपीसीबीच्या (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) ऑथरायझेशनमध्ये पीसीबी लिहिलंय का ते लेखी मागा.

भंगारवाल्याचा रेट कितीही चांगला असला तरी तिकडे देऊ नका. वापरलेलं तेल रिप्रोसेसिंगला द्यायचं तर पीसीबी २ पीपीएमच्या खाली लागतं, आणि तांब्यासाठी वाइंडिंग जाळणारी पोरं तोंडाला रुमाल बांधून बसलेली असतात, तो धूर त्यांच्याच छातीत जातो. चांगल्या तेलात मिसळून आकडा खाली आणणारेही आहेत, त्याने विष एक ग्रॅमही कमी होत नाही.

२०१६ च्या केंद्राच्या आदेशाप्रमाणे पीसीबीच्या वापराची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच होती, आणि स्टॉकहोम करारात (घातक रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय करार) विल्हेवाटीचं लक्ष्य २०२८. म्हणून ट्रान्सफॉर्मर म्हातारा झाला असेल, गॅस्केट गळत असतील तर तेलावर खर्चच करू नका, टाकीसकट निकालात काढा आणि नवीन घ्या.

तोपर्यंत सांभाळायचं कसं, तर नायट्रिलचे ग्लोव्हज, खाली ट्रे, सांडलं तर वाळू किंवा भुसा टाकून तोही वेगळ्या ड्रममध्ये, होज आणि पंप फक्त ह्याच कामाचे. ड्रम छपराखाली, कडेला बांध घातलेल्या लादीवर, लेबल लावून, कारण जूनमध्ये यार्डात पाणी भरतं आणि टीटीसीचे (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याचे) नाले ठाणे खाडीत जातात, तिथली मासळी लोक खातात आणि पीसीबी माशाच्या चरबीत साठत जातं. माल साधारण ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि गाडी निघताना फॉर्म १० चा मॅनिफेस्ट (घातक कचरा वाहतुकीचा कागद) भरून आपली कॉपी घ्या, पोहोच आली का ते फोन करून विचारा.