मध्यस्थीला जाताना: जाड फाइल की वेळापत्रकाचं एक पान?

मुलाच्या कस्टडीच्या दाव्यात मध्यस्थीची तारीख लागली की तयारी दोन तऱ्हांनी करता येते. वकिलांबरोबर बसून पुराव्यांची फाइल बांधायची, नाहीतर घरी बसून मुलाच्या आठवड्याचं वेळापत्रक लिहायचं. मी पहिल्या दोन बैठकांना फाइल नेली, पुढच्या तिन्हींना वेळापत्रक. तुलना माझ्या एकट्याच्या अनुभवावरची आहे, एवढं लक्षात असू द्या.

फाइलनं धीर येतो, हे खरं. पुण्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात नाव पुकारायची वाट बघत बसलो होतो, तेव्हा मांडीवरच्या त्या ओझ्याचाच आधार वाटत होता. मारहाण, व्यसन किंवा मूल घेऊन कोणी निघून जाईल अशी भीती असेल तर कागद हवेतच. तिथे आधी वकिलांचा सल्ला घ्या, वेळापत्रक नंतर.

आमच्यात तसं काही नव्हतं. तरी मी व्हॉट्सॲपच्या प्रिंट काढल्या होत्या, दोनशेच्या आसपास पानं. मी एक स्क्रीनशॉट दाखवला की लेकीची आई त्याच्या आदल्या दिवशीचा दाखवायची. मध्यस्थ निकाल देत नाहीत, त्यामुळे कोण खरं हे तिथे ठरतच नाही. पहिली बैठक 'दिवाळीत फोन का उचलला नाही' यावरच संपली. दुसऱ्या बैठकीत मध्यस्थ मॅडमनी शांतपणे विचारलं, "गुरुवारी क्लासहून तिला आणतं कोण?" मला सांगता आलं नाही. एवढ्या पानांत माझी आठ वर्षांची लेक कुठेच नव्हती. ते फार लागलं, आणि फाइल तिथेच सुटली.

त्या रात्री वहीच्या पानावर तिचा आठवडा मांडला. तिची व्हॅन कोथरूडला पावणेसातला येते, मी राहतो हडपसरला. बुधवारची रात्र माझ्याकडे हवी म्हणून मी सहा महिने भांडत होतो. गुरुवारी तिला पहाटे पाचला उठावं लागेल हे कागदावर दिसलं आणि ती ओळ मीच खोडली. त्याऐवजी एकाआड एक शुक्रवारी शाळेतून थेट माझ्याकडे, रविवारी संध्याकाळी पाचला परत. गौरी आमच्या घरी बसतात, म्हणून ते दिवस माझ्याकडे, गणपतीची स्थापना तिच्या आजोळी. मे महिन्याची सुट्टी निम्मी निम्मी. रोज साडेसातला व्हिडिओ कॉल. शाळा बदलणं आणि पासपोर्ट दोघांच्या सहीनं. पुढच्या बैठकीत वाद झाला, पण वारांवर आणि वेळांवर, आणि तो मिटवता आला.

मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असतो. तिथे वडिलांनी दिवसाच्या काही तासांपासून सुरुवात करून वाढत जाणारं वेळापत्रक मांडलं तर बोलणं पुढे सरकेल, असं मला वाटतं.

एक मात्र दोन्ही बाजूंच्या पालकांना कळकळीनं सांगतो: मुलाला पढवू नका. मध्यस्थीतलं बोलणं गोपनीय असलं तरी समुपदेशकांनी मुलाशी बोलून दिलेला अहवाल न्यायालय ताब्याच्या प्रश्नात बघू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पाठ केलेलं वाक्य म्हणताना त्या जिवाला काय होतं ती. लेक एकदा माझ्यासमोर तसं बोलली, तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती.

म्हणून माझा कौल वेळापत्रकाला. वकील तरीही हवेत, पण सहीच्या आधी कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटींचा लेखी मसुदा, वाचायला. माझ्या मसुद्यात 'परस्पर सोयीने' हे शब्द दोनदा आले होते. वकिलांनी दोन्ही ठिकाणी वार आणि वेळ लिहायला लावली.