दिल्लीत एकच दिवस: लाल किल्ला की हुमायूनचा मकबरा, राजघाट की गांधी स्मृती?

दिल्लीसाठी एकच दिवस असेल तर सगळं पाहण्याचा हट्ट सोडा. आधी वार बघा. लाल किल्ला आणि गांधी स्मृती सोमवारी बंद असतात, हुमायूनचा मकबरा रोज उघडा असतो. म्हणजे सोमवारच वाट्याला आला असेल तर बराचसा निर्णय आपोआप झाला.

बाकी दिवशी खरा पेच पडतो तो किल्ला आणि मकबरा यांत. नुसतं देखणेपण हवं असेल तर मकबरा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. 16व्या शतकाच्या उत्तरार्धात हुमायूनच्या बेगमने तो बांधून घेतला. चारबागेच्या, म्हणजे चार भागांत आखलेल्या बागेच्या, मधोमध एवढी भव्य कबर भारतात त्याआधी झाली नव्हती. ताजमहालाची पूर्वतयारीच म्हणा. आगाखान ट्रस्टने केलेली डागडुजीही उत्तम आहे. आत शिरताच उजव्या हाताला इसा खानची अष्टकोनी कबर लागते. ती हुमायूनच्या मकबऱ्याहून जुनी, 1547 ची. घाईत लोक ती टाळून पुढे जातात, तुम्ही टाळू नका.

लाल किल्ला बाहेरून दरारा बसवतो आणि आत गेल्यावर बऱ्याच जणांचा हिरमोड करतो. त्याला कारण आहे. 1857 नंतर इंग्रजांनी आतली बरीचशी बांधकामं पाडून तिथे बराकी उठवल्या. शहाजहानचा राजवाडा शोधायला गेलात तर उरतात मोजकी दालनं आणि कोरडे पाट. तरीही मराठी माणसाने किल्ला सोडू नये असं मला वाटतं. दिवाण-ए-खासमध्ये उभं राहून वर बघा. तिथलं चांदीचं छत सदाशिवरावभाऊंनी 1760 मध्ये उतरवलं आणि वितळवून नाणी पाडली. फौजेचे पगार थकले होते, पानिपत समोर होतं. पुढे महादजी शिंद्यांनी दिल्लीच्या बादशहाला आपल्या छत्राखाली ठेवलं, आणि 1803 मध्ये इंग्रजांनी शिंद्यांच्या फौजेला हरवून शहर घेतलं. याच दालनात 1858 मध्ये बहादुरशाह जफरवर खटला चालला. आणि तो पकडला गेला कुठे? हुमायूनच्या मकबऱ्यात. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचे 1945 चे खटलेही किल्ल्यातलेच. आता बराकींमध्ये त्यावरची संग्रहालयं आहेत. थोडक्यात, काही वाचून जाणार असाल तर किल्ला, नुसते डोळे निववायचे असतील तर मकबरा. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात मात्र किल्ल्याचं नाव काढू नका, स्वातंत्र्यदिनाच्या बंदोबस्तामुळे तो पर्यटकांना बंद ठेवतात.

राजघाट की गांधी स्मृती, या प्रश्नाला मी फार वेळ देणार नाही. राजघाटावर काळ्या संगमरवराचा चौथरा आहे, हिरवळ आहे, शांतता आहे. पाहुण्या राष्ट्रप्रमुखांना पुष्पचक्र वाहायला तो योग्यच. पण तीस जानेवारी मार्गावरच्या गांधी स्मृतीत, म्हणजे जुन्या बिर्ला हाऊसमध्ये, गांधीजी शेवटचे 144 दिवस राहिले. त्यांची खोली आहे, आणि तिथून प्रार्थनेच्या जागेपर्यंत त्यांची शेवटची पावलं जमिनीवर उठवून दाखवली आहेत. त्या पावलांच्या बाजूने चालत जाता येतं. एकच निवडायचं तर हेच.

कुतुबमिनार या दिवसात बसवू नका. तो दूर दक्षिणेला आहे आणि 1981 च्या चेंगराचेंगरीनंतर वर चढताही येत नाही.

संध्याकाळ इंडिया गेटला द्या, पण फोटो झाला की लगेच पाठीमागच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात शिरा. इंडिया गेटवरची नावं ब्रिटिश हिंदी फौजेतल्या जवानांची, तीही उंचावर, धड वाचता न येणारी. 2019 मध्ये उघडलेल्या या स्मारकात स्वतंत्र भारताच्या 25,000 हून अधिक जवानांची नावं गोलाकार भिंतींवर हाताला लागतील अशी कोरली आहेत. प्रवेश मोफत आहे. शेजारीच परमवीरचक्र विजेत्यांचे अर्धपुतळे आहेत, त्यांत कारवारकडचे राम राघोबा राणेही भेटतात. अंधार पडायच्या आत पोहोचलात तर नावं नीट वाचता येतील.