मराठवाड्यात रस्ता शोधताना: मोबाइलचा नकाशा, मोटारीचा पडदा की माणसांना विचारणे?

वेरूळचे घृष्णेश्वर, औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथ ही मराठवाड्यातील तीन ज्योतिर्लिंगे एकाच फेरीत करायची असोत, की लग्नाच्या निमित्ताने कळंब तालुक्यातील एखाद्या वस्तीवर पोहोचायचे असो, रस्ता दाखवण्याचे काम हल्ली बहुतेक जण मोबाइलवर सोपवतात. मोबाइल वापरावा की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही. कोणता नकाशा कुठपर्यंत वापरावा आणि मोटारीत कंपनीने बसवलेला पडदा असेल तर मोबाइलची गरज पडते का, हे ठरवायचे आहे. माझे मत आधीच नोंदवतो: हमरस्त्यावर इंटरनेटवर चालणारा नकाशा सरस आहे, हमरस्ता सोडल्यावर आधीच उतरवून घेतलेला नकाशा हवा, आणि शेवटच्या दोन-चार किलोमीटरसाठी गावातल्या माणसाच्या शब्दाला पर्याय नाही.

अनेकांचा समज असतो की रेंज गेली की जीपीएस बंद पडते. तसे होत नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून संदेश प्रसारित करत असतात आणि मोबाइल ते केवळ ऐकतो. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की तो आपले स्थान काढतो, आणि मोकळ्या आभाळाखाली ते साधारण पाच मीटरच्या आत बरोबर येते. यासाठी इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागते ते नकाशाचे चित्र आणण्यासाठी आणि स्थान झटपट मिळावे म्हणून उपग्रहांची माहिती आधी पुरवण्यासाठी. रेंज नसताना फोन ही माहिती थेट उपग्रहाकडूनच घेतो आणि ती दर 30 सेकंदांनी पुन्हा प्रसारित होते. म्हणून अशा ठिकाणी फोन सुरू केल्यावर मिनिटभर उघड्यावर थांबावे, निळा ठिपका जागेवर येतो. रेंज नसताना खरी अडचण होते ती ठिपका दिसूनही भोवती कोरा पडदा असल्याची, आणि ती घरबसल्या टाळता येते.

इंटरनेटवर चालणाऱ्या गूगल मॅप्सचे बळ म्हणजे ताजी माहिती. सोलापूर, तुळजापूर, धाराशिव, बीड, छत्रपती संभाजीनगर, धुळे असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग 52 किंवा जालना जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग यांवर रेंज बहुतेक ठिकाणी असते, वाहनांची वर्दळ भरपूर असते आणि त्या वर्दळीतूनच नकाशाला कोंडी कळते. नवरात्रात तुळजापूरच्या दिशेने निघालेल्याला ही सोय कोणताही साठवलेला नकाशा देऊ शकत नाही. याउलट माहूर आणि किनवटच्या डोंगराळ भागात, गौताळा अभयारण्यात किंवा बालाघाटाच्या काही घाटवळणांवर रेंज तुटते. चालू असलेला मार्ग फोनच्या स्मृतीत असल्याने काही काळ पुढे दिसत राहतो, पण एक वळण चुकले की नवा मार्ग आखण्यासाठी त्याला पुन्हा इंटरनेटच लागते.

साठवलेल्या नकाशाचे दोन प्रकार विचारात घ्यावेत. गूगल मॅप्समध्येच आपल्या भागाचा चौकोन निवडून तो वाय-फायवर उतरवता येतो. मग मोटारीचा मार्ग इंटरनेटविना मिळतो, मात्र रहदारीची माहिती आणि पर्यायी मार्ग दिसत नाहीत, आणि पायी जाण्याचा मार्ग तर मिळतच नाही. दुसरा पर्याय ऑर्गॅनिक मॅप्ससारख्या ॲपचा, जे स्वयंसेवकांनी घडवलेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर चालते आणि पूर्णपणे इंटरनेटविना पायवाटांसकट मार्ग आखून देते. लेण्यांच्या परिसरात किंवा किल्ल्यावर हिंडणाऱ्याला हा दुसरा पर्याय अधिक उपयोगी पडेल. दुकाने, पेट्रोलपंप, दवाखाने शोधणाऱ्याला गूगलची नोंद अधिक भरलेली आढळेल. स्वयंसेवकांच्या नकाशात एखाद्या गावची गल्लीन्‌गल्ली असते आणि शेजारच्या गावचे नुसते नाव, हे त्याचे वैगुण्य आहे. माझी शिफारस दोन्ही ठेवण्याची आहे.

आता मराठवाड्यापुरता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. नकाशा अंतर आणि वेळ मोजतो, जमीन ओळखत नाही. फाट्यावरून गावाला जाणारा डांबरी रस्ता वळसा घेऊन जात असेल आणि मधून एखादी पाणंद किंवा शिवरस्ता नकाशावर चढलेला असेल, तर जवळचा मार्ग म्हणून तोच पुढे केला जाण्याची शक्यता असते. मे महिन्यात तेथे फक्त धूळ उडते. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की तीच काळी माती चाकाला चिकटून मडगार्डात भरते, दुचाकीचे चाक फिरायचे थांबते आणि मोटार मागेही घेता येत नाही. ओढ्यावरचे नळकांडी पूल पाण्याखाली गेल्याची खबर नकाशाला उशिरा मिळते, किंवा मिळतच नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये उत्तर प्रदेशातील बरेलीजवळ अर्धवट पुलावरून मोटार खाली कोसळून तिघांचा जीव गेला. मोटार नकाशा पाहून चालली होती, अशी बातमी तेव्हा देशभर आली. म्हणून डांबर संपले की फाट्यावरच्या टपरीशी थांबावे आणि प्रश्न नेमका विचारावा. “काका, हा रस्ता अमक्या गावाला जातो का?” असे विचारले तर उत्तर “जातो की” असेच येईल, कारण बैलगाडी आणि ट्रॅक्टर जातातच. “परवाच्या पावसानंतर चारचाकी गेली का?” असे विचारले म्हणजे कामाचे उत्तर मिळते.

नावांचा घोळही जपून सोडवावा लागतो. वडगाव, पिंपळगाव, बोरगाव ही नावे जवळपास प्रत्येक तालुक्यात सापडतात, तेव्हा तालुका आणि खुर्द-बुद्रुक जोडल्याशिवाय शोध घेऊ नये. अजिंठा गाव आणि अजिंठा लेणी यांत दहा-अकरा किलोमीटरचे अंतर आहे. शिवाय लेण्यांना जाणाऱ्या खाजगी गाड्या फर्दापूरच्या तिठ्यावरच थांबतात आणि पुढे बसने जावे लागते. याहून सोपे म्हणजे यजमानांकडून व्हॉट्सॲपवर लोकेशन मागवणे. मात्र ते त्यांनी स्वतः त्या जागी उभे राहून पाठवलेले असावे आणि आपण रेंज असतानाच उघडून नकाशात जतन करावे.

मोटारीच्या अंगच्या पडद्याविषयी थोडक्यात. तो मोठा असतो, उन्हाने तापून बंद पडत नाही आणि रेंजवर अवलंबून नसतो. पण त्यातला नकाशा अद्ययावत केला नसेल तर नवे रस्ते त्याला ठाऊक नसतात. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला, त्याआधीच्या नकाशात तो नसणार. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेची सोय असेल तर पडदा मोटारीचा आणि नकाशा मोबाइलचा असा मेळ बसतो, आणि मोटारवाल्यांना मी हाच मार्ग सुचवेन. ट्रकचालकांची स्थिती वेगळी आहे: कन्नडजवळच्या औट्रम घाटात जड वाहनांना 2023 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने बंदी घालण्यात आली, पण गूगल मॅप्समध्ये ट्रक हा पर्यायच नसल्याने तो असे निर्बंध लक्षात घेत नाही.

दुचाकीस्वाराने नकाशात दुचाकीचाच पर्याय निवडावा, कारण समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही. इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्यातील भिंगाची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने 2021 मध्ये दिला होता. तेव्हा हँडलला फोन लावायचाच तर धक्के शोषणारा होल्डर घ्यावा, अन्यथा फोन खिशात ठेवून एका कानातील सूचनांवर चालावे. परभणी-नांदेडकडच्या उन्हाळ्यात काचेमागे ठेवलेला फोन चार्जिंगला लावला की लवकर तापतो, पडदा मंद करतो आणि चार्ज होणे थांबवतो. मोटारीत तो एसीच्या झडपेसमोर बसवावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 2020 च्या दुरुस्तीनुसार वाहन चालवताना हातातील उपकरण केवळ रस्ता पाहण्यासाठी आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशाच रीतीने वापरता येते. त्यामुळे ठिकाण टाकणे, मार्ग बदलणे ही कामे गाडी बाजूला घेऊन करावीत किंवा शेजारी बसलेल्याकडे द्यावीत.