टू-व्हील 49 एचपी ट्रॅक्टर: 520 तासांनंतर

ऑक्टोबरमध्ये घेतलेल्या 49 एचपी टू-व्हील (फक्त मागच्या चाकांना जोर असलेल्या) ट्रॅक्टरचं मीटर आता 520 तासांवर आहे. निफाड तालुक्यातली काळी भारी जमीन. कामं म्हणजे पलटी नांगर, सहा फुटी रोटाव्हेटर, कांद्याचे गादीवाफे आणि पिंपळगाव-लासलगावच्या ट्रॉल्या. द्राक्षबागेत हा घातला नाही, घालूही नये. मांडवाखाली नऊ फुटी ओळीत छोटा फोर-व्हीलच चालतो.

49च का? जानेवारी 2023 पासून 50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम-4 हा धुराच्या प्रदूषणाचा नियम लागू झाला. त्यामुळे तिथे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आणि सेन्सर आले, किंमतही चढली. या ट्रॅक्टरला अजून साधा मेकॅनिकल पंप आहे, गावचा मिस्त्री उघडू शकतो. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला, म्हणून ऑक्टोबरपर्यंत थांबलेलं बरं पडलं.

इंजिनाबद्दल तक्रार नाही. वाफशावर रोटाव्हेटरला तासाला साडेपाच ते सहा लिटर डिझेल जातं, ट्रॉलीला साडेतीन-चार. पीटीओचे (रोटाव्हेटर फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टचे) मिनिटाला 540 फेरे इंजिनच्या 1,800 आरपीएमच्या आसपास मिळतात. काही ड्रायव्हर डिझेल वाचवायला 1,400वर रोटाव्हेटर ओढतात. त्यात डिझेल वाचत नाही. ढेकळं तशीच राहतात आणि दुसरी पाळी घालावी लागते.

खरा घोळ चाकांच्या अंतराचा, आणि विक्रेता यावर अवाक्षर काढत नाही. कांद्याच्या गादीवाफ्याचा माथा 120 सेंटिमीटर आणि सरी 45, म्हणजे एका सरीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत 165. ट्रॅक्टर आला तेव्हा मागच्या चाकांचं अंतर 140च्या आत होतं. तसेच वाफे पाडले तर चाक वाफ्याच्या पोटातून जातं. वरून माती चढते, वाफा दिसायला छान दिसतो, पण खाली दाबलेला पट्टा तसाच राहतो आणि कडेच्या दोन ओळींचा कांदा बारीक निघतो. अंतर 165 केलं की परतीच्या फेऱ्याला आतलं चाक आधीच्या सरीतच बसतं. दोरी लावायची गरज उरत नाही.

अंतर बदलायला दोन माणसं आणि अर्धा दिवस लागतो. काँक्रीटवर घ्या, पुढच्या चाकांना उटी (दगडाची अडण) लावा, जॅक लावण्याआधीच नट सैल करा. रिम आणि डिस्क उलट-सुलट जोडून हवं ते अंतर मिळतं. कुठली जोडणी किती देते, याचं कोष्टक पुस्तिकेत असतं. रिमसकट डिस्क उलटली तर डावं चाक उजवीकडे न्यावं लागतं, नाहीतर टायरच्या गुट्ट्यांची दिशा उलटी होते आणि चाक मातीला धरत नाही. पुढचा अ‍ॅक्सल दोन्ही बाजूंनी सारखाच बाहेर काढा, टाय रॉडही तेवढाच लांबवा, मग टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलीत ते) तपासा. हे राहिलं तर पुढचे टायर कडेने झिजतात. चार-पाच तास चालवून नट पुन्हा आवळायचे.

आणि टायर. मागे 14.9×28 आले आहेत. 14.9 इंच म्हणजे 38 सेंटिमीटर. सरी वर 45 असली तरी तळाला अरुंद, त्यामुळे कडा घासतेच. कांदा हेच मुख्य पीक असेल तर घेतानाच 13.6×28 मागून घ्या. नांगरटच जास्त असेल तर 14.9 ठीक.

हवा मात्र पहिल्याच दिवशी मोजा. कारखान्यातून टायर वाहतुकीसाठी जास्त भरून येतात. शेतात मागे 12-14 पीएसआय पुरते. टणक टायरवर नांगर ओढला की चाक नुसतं फिरतं. किती फिरतं ते मोजता येतं: टायरवर खडूची खूण करा, नांगर उचलून चाकाचे दहा फेरे होईपर्यंत चालवा आणि अंतर मोजा, मग नांगर लावून तेच. रिकामं 42 मीटर आणि लावून 36 मीटरच्या खाली आलं तर घसरण 15 टक्क्यांच्या आसपास गेली. मग वजनासाठी टायरमध्ये पाणी भरायचं. वॉल्व्ह वरच्या टोकाला ठेवून, पाणी वॉल्व्हपर्यंत आलं की थांबायचं. म्हणजे पाऊण टायर भरतो, एका चाकात साधारण 200 लिटर. मे महिन्यात भरा, वाफ्यांच्या आधी काढा. आणि चाकांचं अंतर बदलायचं असेल तर ते पाण्याआधी. पाण्यासकट चाक उचलायला गेलेल्याची कंबर दोन महिने धरते.

बिघाड एकच म्हणावा असा, तोही निम्मा आपल्याच हातचा. 300 तासांच्या सुमारास अवजार उचलणारी लिफ्ट हिसके देऊ लागली आणि इंजिन बंद केल्यावर रोटाव्हेटर तासाभरात जमिनीला टेकायचा. सर्व्हिसवाल्यांनी आधी पंपावर बोट ठेवलं. उघडल्यावर सक्शनची जाळी काळ्या गाळाने भरलेली निघाली आणि कंट्रोल व्हॉल्व्हची ओ-रिंग कापलेली. गाळ आला कुठून? टिपिंग ट्रॉलीतून. या ट्रॅक्टरमध्ये गिअर आणि लिफ्टचं तेल एकच, ट्रॉलीचा जॅक तेच तेल ओढतो. ट्रॉली गावात पाच ट्रॅक्टरांमागे फिरते, प्रत्येकाचं तेल दुसऱ्याच्या पोटात जातं. पाइपाचं टोक धुळीत लोळतं आणि तसंच कपलरमध्ये ठोकलं जातं. आता टोकाला रबरी टोपी आहे, जोडण्याआधी फडक्याने पुसलं जातं. शिवाय जॅक वर असताना तेलाची पट्टी बघून 'कमी आहे' म्हणून वरून तेल ओतायचं नाही. पातळी ट्रॉली खाली करूनच बघायची.

लिफ्टचे दोन दांडे ड्रायव्हरला समजावून द्या. रोटाव्हेटरला पोझिशन (अवजार ठरल्या उंचीवर धरतो), नांगराला ड्राफ्ट (ओढ वाढली की अवजार थोडं उचलतो). नांगर पोझिशनवर ठेवला तर कडक पट्ट्यात इंजिन दबतं, ड्रायव्हर गिअर खाली टाकतो आणि दोष ट्रॅक्टरला देतो.

मक्याच्या धसकटात रोटाव्हेटर मारताना रेडिएटरची जाळी दीड-दोन तासांत बुजते. तापमानाचा काटा चढायला लागला की थांबा. हवा पंख्याच्या बाजूने बाहेर मारायची. वॉशिंगच्या पंपाने समोरून पाणी मारलं की पाती वाकतात आणि कचरा आणखी आत बसतो.

रस्त्यावर ब्रेक चांगले आहेत, तेलातले. पण शेतातून बाहेर पडताना दोन्ही पेडलांची कडी लावा. 30 क्विंटल कांदा मागे असताना एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॉली आडवी येते. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसतो, म्हणून आग्रा रोडच्या उतारावर न्यूट्रल नाही. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरवायचा.

सीट कामचलाऊ आहे. चार तासांनंतर पाठ बोलते. हेडलाइट रात्रीच्या रोटाव्हेटरला कमी पडतात, मागे एक एलईडी लावून घेतला. वायर बॅटरीवरून थेट घेऊ नका, फ्यूज टाका.