हंटिंग्टन: खुणेवरून माग की थेट मोजणी?
व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांच्या रक्तातून १९८३ साली हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराचा माग चौथ्या गुणसूत्रापर्यंत लागला. जनुक मात्र हाती नव्हतं. त्याच्या शेजारच्या, डीएनएतल्या एखाद्या ओळखीच्या खुणेवरून आजार कोणाला येईल याचा अंदाज बांधायचा, तर आईवडील, आजी, काका अशा अनेकांचं रक्त हवं. एखादं माणूस गेलेलं असलं की गाडी अडायची.

१९९३ मध्ये जनुक सापडलं. मग एकाच माणसाच्या नमुन्यात त्या जनुकातली सीएजी ही डीएनएची तीन अक्षरं सलग किती वेळा येतात, ते मोजता आलं. ३६ ते ३९ असेल तर आजार येईलच असं नाही. ४० किंवा जास्त असेल तर तो टळत नाही.

निदानासाठी मी मोजणीच निवडेन. पण स्वतःचं भविष्य न जाणता पोटातल्या बाळाची तपासणी हवी असेल, तर जुनी खूणच कामी येते. बाधित आजोबांकडचा गुणसूत्राचा तुकडा बाळात उतरलाय का, एवढंच ती सांगते.