हळदीसाठी लोखंडी शेड : वीस महिन्यांच्या वापरानंतर

मिरज तालुक्यात कृष्णाकाठी आमची शेती, ऊस आणि हळद. आजोबांची हळद हरिपूरच्या पेवात असायची. जमिनीखाली, हवाबंद, उन्हाचा संबंध नाही. २००५च्या पुरात तिथली कितीतरी पेवं पाण्यात गेली. पुढं आम्ही काढली की विकायची, असंच करत आलो. भाव येईपर्यंत माल हाताशी राहावा म्हणून शेवटी ४० बाय ८० फुटांचं नट-बोल्टनं जोडायचं तयार लोखंडी शेड उभं केलं. त्यावर आता दोन पावसाळे आणि दोन हिवाळे गेले.

तीन ठिकाणी कोटेशन घेतलं. तिन्ही चौरस फुटाच्या दरात. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यांत फुटामागं ३५ रुपयांचा फरक, म्हणजे एकूण १ लाख १२ हजार. मी स्वस्ताकडं झुकलो होतो. थोरल्या भावानं एकच प्रश्न विचारला, "लोखंड किती टन?" एकाचं ११ टन निघालं, दुसऱ्याचं १४. मग फरक कुठला ते कळलं. कोटेशनवर लोखंडाचं वजन, प्लेटची जाडी, पर्लिनमधलं (पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या लोखंडी वाशांमधलं) अंतर आणि पत्र्याची जाडी लिहून घ्या. पत्र्याच्या बाबतीत तर फोड करूनच विचारा, कारण '०.५० मिलिमीटर' म्हणतात त्यात रंग आणि जस्ताचा थरही धरलेला असतो, आतलं लोखंड त्याहून पातळ असतं. लोखंडाचं गणित सोपं आहे : १ मिलिमीटर जाडीचा १ चौरस मीटर सपाट पत्रा ७.८५ किलो भरतो. वजनकाट्याची पावती मागायला लाजू नका.

जोत्याचा खर्च या कोटेशनमध्ये नसतो, हे आम्हाला उशिरा कळलं. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या रानात तेव्हा पाणी जिथवर चढलं त्या खुणेच्या दोन फूट वर जोतं घेतलं. मुरूम, दगड, काँक्रीट धरून अंदाजाच्या बराच पुढं गेलो, पण त्याचं वाईट वाटत नाही.

वाऱ्याचं मात्र नीट समजून घ्या. शेड हलकं असतं, वळवाचा वारा दारातून आत शिरला की छताला वर उचलतो. म्हणून इथल्या पायाला वजन पेलण्याइतकंच शेड खाली धरून ठेवायचंही काम असतं. कॉलमांमध्ये फुलीच्या सळया असतात, त्या त्याच वाऱ्यासाठी. ट्रॅक्टरला दुसरं दार हवं म्हणून मी एका ठिकाणची फुली काढायला सांगितली, आणि उभारणीला आलेला माणूस लगेच तयारही झाला! डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरनं फोनवर अडवलं म्हणून वाचलो. दारं किती, कुठं, केवढी, हे ऑर्डर देण्याआधी ठरवा.

आता खरा त्रास. पहिल्या डिसेंबरात पहाटे शेड उघडलं तर वरच्या थप्पीची पोती ओली. पाऊस नव्हता, गळती नव्हती. निरभ्र रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो, आतल्या दमट हवेचं त्याच्या खालच्या बाजूला दव धरतं आणि थेंब मालावर पडतात. वाळलेल्या हळदीत ओलावा १० टक्क्यांच्या आत हवा. आमची अकरा पोती बुरशीनं गेली. पैशांपेक्षा आईनं ती हळद निवडत काढलेले चार दिवस मला जास्त लागले. कोटेशन देताना तिघांपैकी एकानंही आत काय ठेवणार हे विचारलं नव्हतं, आणि आम्हीही सांगितलं नव्हतं.

नंतर पत्र्याखाली उष्णतारोधक थर बसवला, आढ्यावर हवा जायला फट ठेवली, खाली भिंतीत जाळ्या काढल्या. हाच थर पत्रा चढवतानाच पर्लिनवर अंथरला असता तर निम्म्या मजुरीत झालं असतं. पोती आता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दीड फूट लांब असतात. एप्रिल-मे मधली आतली धगही त्या थरानं बरीच कमी झाली.

बारीक गोष्ट एकच सांगतो. पत्र्याला स्क्रू मारताना लोखंडाचा कीस पडतो. तो त्याच संध्याकाळी झाडून घ्या. आमच्याकडं राहिला, पहिल्याच पावसात छतावर तांबडे ठिपके उठले. स्क्रूखालचा रबरी वायसरही पिळून चपटा झाला तर तिथंच गळतं. आम्हाला दुसऱ्या पावसाळ्याआधी चाळीसेक बदलावे लागले.

एवढं करूनही शेड पुन्हा घ्यायचं झालं तर घेईन. मधे खांब नाही, ट्रॅक्टर-ट्रॉली आत वळते, आणि पुढं वाढवायचं झालं तर शेवटची भिंत खोलून पुढं जोडता येतं. या डिसेंबरात मी रोज पहाटे वरच्या पोत्यावर हात फिरवून बघितला. एकही पोतं ओलं नव्हतं.